आभाळातल्या दगडांचं बारसं

विषय ऐकून काहीजणी म्हणतील, गटाच्या हिशेबाचं सोडून या बायांनी आज आभाळातले दगड कुठून काढले? पण जरा ऐका. मंगळ आणि गुरू या दोन ग्रहांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. काही आपल्या घराएवढे, काही डोंगराएवढे, आणि सगळ्यांत मोठा तर मुंबई ते नागपूर या अंतरापेक्षाही रुंद. यांना लघुग्रह म्हणतात. माणूस यांना नावं ठेवतो. आणि पहिली जवळजवळ शंभर वर्षं रीत अशी होती की नाव बाईचंच ठेवायचं.

ऐकायला बरं वाटतं ना? आम्हालाही वाटलं. मग आम्ही बघायला बसलो की या बाया होत्या तरी कोण.

पहिली अगदी आपल्या ओळखीची निघाली. 1 जानेवारी 1801 च्या रात्री इटलीजवळच्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात, पियाझी नावाच्या धर्मगुरूला दुर्बिणीतून एक बारीक तारा दिसला. दुसऱ्या रात्री बघितलं तर तो जागेवरून सरकलेला. तारे असे सरकत नाहीत. पियाझीने काही आठवडे त्याच्यावर नजर ठेवली, मग तो स्वतः आजारी पडला आणि तो ठिपका सूर्याच्या उजेडात हरवला. गाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितीने कागदावर आकडेमोड करून सांगितलं, अमुक ठिकाणी शोधा. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री तो तिथेच सापडला.

पियाझीने नाव ठेवलं सेरेस. सेरेस ही जुन्या रोमन लोकांची धान्याची देवी. सिसिली बेट गव्हासाठी नावाजलेलं, तिथली ती राखणदार मानली जायची. इंग्रजीत धान्याला ‘सीरियल’ म्हणतात, तो शब्दही हिच्याच नावावरून आला. पियाझीने देवीच्या नावाला आपल्या राजाचं, फर्डिनांडचं नावही जोडलं होतं. बाकीच्या देशांनी राजाला वगळलं आणि देवी तेवढी ठेवली. आता सेरेसला लघुग्रहांतून वर काढून बटुग्रह म्हणतात, पण नाव तेच आहे.

पुढच्या सहा वर्षांत आणखी तीन दगड सापडले: पॅलस, जुनो आणि वेस्टा. वेस्टा ही चुलीतल्या विस्तवाची देवी. पहिल्या चारांतली एक धान्याची आणि एक चुलीची, म्हणजे आपल्या घरातली अर्धी कामं आभाळात गेली म्हणायची! आणि ही वेस्टा अधूनमधून नुसत्या डोळ्यांनीही दिसते. त्याला काळोख लागतो, तो शहरापेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

मग दगड भराभर सापडायला लागले आणि देवी कमी पडायला लागल्या. पुरुषाचं नाव द्यायचंच झालं तर त्याचं बाईचं रूप करायचे. हुम्बोल्ट नावाचा मोठा जर्मन शास्त्रज्ञ होता, अलेक्झांडर हुम्बोल्ट. त्याच्या मानाचा दगड ‘अलेक्झांड्रा’ झाला.

इथून मोठ्या घरच्या बाया आत आल्या. 1850 मध्ये लंडनच्या हाइंडने एका दगडाला ‘व्हिक्टोरिया’ नाव दिलं. विजयाच्या रोमन देवीचं हे नाव, असं त्याने सांगितलं. पण गादीवर कोण बसलंय हे साऱ्या जगाला माहीत होतं. अमेरिकेतल्या काही खगोलतज्ज्ञांनी हरकत घेतली: जित्या राणीचं नाव आभाळाला नको. ते त्या दगडाला दुसऱ्याच नावाने बोलवायचे. शेवटी व्हिक्टोरियाच टिकलं. 1857 मध्ये पॅरिसमधल्या गोल्डश्मिट नावाच्या चित्रकाराने तर आडपडदा ठेवलाच नाही. त्याने सापडलेल्या दगडाला फ्रान्सच्या बादशहाच्या बायकोचं नाव सरळ दिलं, युजेनिया.

आणि मग बेटिना. 1885 साली ऑस्ट्रियाच्या पालिसा या खगोलतज्ज्ञाला पुढच्या वर्षीचं सूर्यग्रहण बघायला दूरदेशी जायचं होतं, जवळ पैसे नव्हते. त्याने जाहीर केलं की पन्नास पौंड देईल त्याला माझ्या नव्या दगडाचं नाव ठेवता येईल. रोथशिल्ड नावाच्या बड्या सावकार घराण्यातल्या एका बॅरनने पैसे मोजले आणि बायकोचं नाव ठेवलं. आपण उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतो. इथे नवऱ्याने बायकोचं नाव घेतलं, तेही रोख पैसे मोजून. बेटिनाला विचारलं होतं का, कोण जाणे.

आता आपल्या देशात येऊ. नॉर्मन पॉगसन नावाचा इंग्रज खगोलतज्ज्ञ 1861 मध्ये मद्रासच्या सरकारी वेधशाळेत रुजू झाला. मद्रास म्हणजे आजचं चेन्नई. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला तिथून एक नवा दगड सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच लघुग्रह, म्हणून नाव ‘एशिया’. ग्रीक कथांमध्येही या नावाची एक जलकन्या आहे, त्यामुळे रीतही पाळली गेली. पुढे मद्रासमधूनच त्याने आणखी काही शोधले. त्यांतल्या एकाचं नाव सॅफो, ही जुन्या ग्रीसमधली कवयित्री. देवी नव्हे, राणी नव्हे, स्वतःच्या शब्दांवर नाव कमावलेली बाई. एवढ्या वेळात ही पहिली भेटली आम्हाला.

पण खरी गोष्ट पॉगसनच्या लेकीची आहे. एलिझाबेथ आयसिस पॉगसन तिचं नाव, जन्म 1852 चा. ती तीन वर्षांची असताना वडिलांना इंग्लंडमध्ये एक दगड सापडला होता, त्याचं नाव ‘आयसिस’ ठेवलं गेलं. आयसिस ही इजिप्तची देवी. पण नाव सुचवणाऱ्या ज्येष्ठ खगोलतज्ज्ञाने ते या मुलीवरूनच सुचवलं असावं, असं मानतात. म्हणजे जिला अजून नीट बोलताही येत नसेल, तिच्या नावाचा दगड आभाळात फिरत होता.

तीच मुलगी 1873 मध्ये मद्रास वेधशाळेत नोकरीला लागली. पदाचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हतं, दिवसभर बसून आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. रात्री दुर्बिणीतून घेतलेल्या नोंदींचा सगळा हिशेब दिवसा बसून करायचा. चुकला तर सापडलेला दगड पुन्हा हरवणार. पगार किती? स्वयंपाक्याला किंवा कोचवानाला मिळावा तेवढा. मद्रास सरकारचं हवामानाच्या नोंदींचं कामही पुढे तिच्याकडे आलं. पंचवीस वर्षं तिने हे काम केलं, वडील गेल्यावरही केलं, 1898 मध्ये निवृत्त होईपर्यंत.

मध्ये 1886 साली वडिलांनी तिचं नाव लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठी पाठवलं. खगोलशास्त्रातली ही मोठी मानाची संस्था. तिथे वकिलांचा सल्ला घेतला गेला. वकिलांनी संस्थेची 1831 ची सनद काढून दाखवली: हिच्यात सभासदासाठी सगळीकडे ‘तो’ लिहिलंय, ‘ती’ कुठेच नाही, सबब बाईला घेता येत नाही. अर्ज मागे घ्यावा लागला.

सातबारावर, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लावायला गेलेल्या बायांना हे नवीन नाही. कागदात बसत नाही हे उत्तर आपल्यालाही पाठ आहे. पण इथे तर गंमतच. आभाळातल्या यादीत तिचं नाव चालतं, सभासदांच्या यादीत चालत नाही. तिथे बाईचं नाव हवं होतं, बाई नको होती.

त्या संस्थेने 1916 मध्ये बायकांना दार उघडलं. आयसिस पॉगसन सभासद झाली 1920 मध्ये. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती.

त्या काळात कष्टकरी बाईला मान मिळालाच नाही असंही नाही. पन्नास पौंडांना नाव विकणाऱ्या त्याच पालिसाने 1888 मध्ये एका दगडाला ‘ल्युक्रेशिया’ नाव दिलं, ते कॅरोलाइन ल्युक्रेशिया हर्शेलचं. ही इंग्लंडमध्ये भावाच्या हाताखाली काम करायची, तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले आणि 1787 पासून तिला राजाकडून वर्षाला पन्नास पौंड पगार मिळायचा. बेटिनाच्या नावाला जेवढे पडले तेवढेच, बघा. पण दगड नावावर लागला तेव्हा कॅरोलाइनला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

बायकांच्याच नावांची रीत 1898 मध्ये इरॉस या ग्रीक देवाच्या नावाने मोडली आणि पुरुष यादीत आले, ते आता भरपूर आहेत. बाईने स्वतः लघुग्रह शोधायला मात्र 1928 उजाडलं. रशियातल्या शेतकरी घरात जन्मलेल्या पेलागेया शाइन या बाईने क्रिमियातल्या वेधशाळेतून तो शोधला.

शोधणाऱ्याला नाव ठेवता येतं का? आज रीत अशी आहे. दगड सापडला की त्याला आधी साल आणि अक्षरं असलेलं तात्पुरतं नाव मिळतं, दवाखान्यात बाळाच्या हाताला चिठ्ठी बांधतात तसं. मग वर्षानुवर्षं नजर ठेवून त्याची वाट पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो. त्यानंतर दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. मंजुरी देते आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती. नाव इंग्रजीत सोळा अक्षरांच्या आत हवं. पुढारी आणि लढाया गाजवलेले लोक यांच्यासाठी मरणानंतर शंभर वर्षं थांबावं लागतं. (आपल्या गावातल्या चौकांना हा नियम लावला तर किती पाट्या उतरतील!) कंपनीची, मालाची नावं चालत नाहीत. आणि नाव आता विकत मिळत नाही. पैसे घेऊन ताऱ्याला तुमच्या लेकराचं नाव देतो म्हणून कोणी सर्टिफिकेट विकत असेल, तर ते कागदापलीकडे काही नाही. क्रमांक मिळालेले दगड आठ लाखांच्या वर गेलेत, नाव मिळालेले पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे बारशाविना फिरतायत.

शोधणाऱ्या बायांमध्ये अमेरिकेतल्या कॅरोलिन शूमेकरबद्दल सांगायलाच हवं. तिने विज्ञानाची पदवी घेतली नव्हती. तीन मुलं वाढवली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, आणि एक्कावन्नाव्या वर्षी ती या कामाला लागली. आभाळाच्या एकाच भागाचे थोड्या वेळाने काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून भिंगातून बघायचे, जो ठिपका सरकला असेल तो वर तरंगल्यासारखा दिसतो. तांदळातला खडा हेरणारी नजर लागते याला. तिने बत्तीस धूमकेतू आणि शेकडो लघुग्रह शोधले.

कल्पना चावला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हरियाणातल्या कर्नालची ही मुलगी 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान कोसळलं तेव्हा सहा सोबत्यांसह गेली. त्या सातही जणांची नावं ओळीने सात दगडांना दिली आहेत. कल्पनाचा क्रमांक 51826. तिच्या लगतचा, 51827, यानातली दुसरी बाई लॉरेल क्लार्क हिचा.

अ‍ॅमी माइन्झर या अमेरिकन बाई एका अवकाश दुर्बिणीच्या कामाच्या प्रमुख होत्या, त्या दुर्बिणीला हजारो दगड सापडले. बायकांची, त्यातही गोऱ्या नसलेल्या बायकांची नावं या यादीत फार थोडी आहेत, हे त्यांनी बोलून दाखवलं आणि हातात हक्क होता तो वापरला. पाकिस्तानात मुलींच्या शाळेसाठी बोलली म्हणून गोळी झेललेली मलाला 2015 मध्ये यादीत आली. बसमधली जागा सोडायला नकार देणारी रोझा पार्क्स आली. आणि हॅरिएट टबमन आली. ही अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मली, 1849 मध्ये पळाली. रात्री चालायची, ध्रुवतारा बघून उत्तरेची दिशा धरायची. मग परत जाऊन दुसऱ्यांनाही सोडवून आणलं तिने. तिच्या दगडाचा क्रमांक 241528.