तेर-ढोकीची वाट : बालाघाटातील पायी प्रवास आणि त्यातील आनंदाचा प्रश्न

डोंगरदऱ्यांतून केवळ आनंदासाठी पायी हिंडणे ही गोष्ट आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली, असे एक मत विद्वानांच्या बोलण्यात वारंवार आढळते. त्याच्या पुष्ट्यर्थ महाबळेश्वराचे उदाहरण हटकून दिले जाते. इ. स. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे थंड हवेचे ठिकाण वसविले, साहेब लोक सकाळ-संध्याकाळ टेकड्यांची टोके पाहावयास जाऊ लागले, आणि त्यांचे पाहून आमचा सुशिक्षित वर्ग 'फिरावयास' निघाला, अशी ही उपपत्ती होय. ती अगदीच निराधार आहे असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. तथापि जुन्या मराठी साधनांत चालण्याच्या सुखाचे वर्णन मिळत नाही, म्हणून ते सुखच नव्हते, असे अनुमान तिच्या मुळाशी आहे. आणि ते तपासून घेण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या प्रसिद्ध कड्यांपेक्षा एखाद्या कमी प्रसिद्ध मुलखात ही तपासणी अधिक निर्वेध होते. म्हणून येथे धाराशिव जिल्ह्यातील ढोकी, तेर व येडशी हा टापू घेतला आहे.

ढोकी हे गाव पुढे साखर कारखान्यामुळे सर्वांस माहीत झाले. परंतु संतचरित्रांच्या वाचकांस ते फार पूर्वीपासून 'तेरढोकी' या जोडनावाने ठाऊक आहे. गोरोबा कुंभारांचे गाव म्हणून हे नाव येते. दोन गावे एका नावात गुंफली जातात, तेव्हा त्यांच्यामधील वाट लोकांच्या पायाखाली रोजची असते, असे मानण्यास हरकत नाही. तेर तेरणेच्या काठी आहे. तेरणा बालाघाटात उगम पावून मांजरेस मिळते. या डोंगररांगेस सह्याद्रीचे रौद्र रूप नाही. माथे सपाट, उतार मोकळे, झाडी विरळ, आणि येडशीजवळच्या रामलिंगाच्या दरीत मात्र अकस्मात दाट. श्रावण-भाद्रपदात जो हा मुलूख पाहील, त्यास मराठवाडा म्हणजे केवळ उजाड माळ हा आपला समज सोडावा लागेल.

'बालाघाट' हे नावच चालणाऱ्याच्या दृष्टीने पडलेले आहे. 'बाला' हा फार्सी शब्द 'वरचा' या अर्थाचा. त्याचा जोडीदार 'पाईनघाट', म्हणजे घाटाखालचा मुलूख. पर्वताची उंची, रंग किंवा देवता यांवरून हे नाव आलेले नाही. चढून वर आलो की खाली आहोत, एवढेच ते सांगते. 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' हे आपले शब्दही याच जातीचे. (मुंबईत 'घाटी' या शब्दास पुढे जो हिणकस अर्थ आला, त्यात डोंगर चढून-उतरून पोटासाठी आलेल्या माणसाकडे पाहण्याची शहराची नजर दिसते. तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.)

तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले आणि ते आता सर्वमान्य आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास त्यात अडचण वाटू नये. स्वरमध्यस्थ 'ग'चा लोप होऊन 'नगर'चे 'नयर' व पुढे 'नेर' झाले, संगमनेर-पारनेरांत ते आजही उभे आहे. त्याच मार्गाने 'तगर'चे 'तेर' झाले. कोकणातील व कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, यावरून या नगराची आठवण किती दूरवर गेली होती हे ध्यानी येईल.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तगराहून साधे कापड, मलमलीचे नाना प्रकार असा माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशांतून भडोचला नेत. या उल्लेखावर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातील दिवसांचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. पैठण ते तेर सुमारे दीडशे. म्हणजे पहिल्या टप्प्यात दिवसास सतरा-अठरा आणि दुसऱ्यात पंधरा किलोमीटर अशी सरळ रेषेतील चाल पडते. वाटेची वळणे धरली तर थोडी अधिक. दिशा सांगताना लेखक चुकला आहे, कारण तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. पण त्याच्या दिवसांचे प्रमाण दोन्ही टप्प्यांत जुळते. ही बैलगाडीची, अर्थात तिच्या बाजूने चालणाऱ्या माणसाची गती आहे. पाच-सहा कोसांची मजल हा आपल्या आजोबा-पणजोबांचा हिशेब तो हाच. 'मजल' व 'मुक्काम' हे दोन्ही शब्द अरबी असले, तरी ज्या गतीस ती नावे मिळाली ती त्यांच्याहून कितीतरी जुनी आहे.

या व्यापाऱ्यांस वाटेत सुख वाटे काय? साधन गप्प आहे. परंतु याच परिसरातील दुसरे एक साधन इतके मुके नाही. कनकामर मुनींचे 'करकंडचरिउ' हे अपभ्रंश काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्यातील राजा तेरापुराजवळ मुक्काम करतो, डोंगरात जाऊन लेणे पाहतो, आणि एक हत्ती सरोवरातील पाणी व कमळे आणून वारुळाची पूजा करीत असलेला त्यास दिसतो. संपादकांनी ही लेणी म्हणजे धाराशिवची लेणी, असे दाखविले आहे. कथेचा हेतू धार्मिक आहे हे उघड आहे. पण राजाला डोंगरात जावयास लावणारी गोष्ट कोणती? तेथे काहीतरी पाहण्यासारखे आहे, ही. कुतूहलाने डोंगर चढणारा माणूस या मुलखाच्या वाङ्मयात माल्कम साहेबांच्या कितीतरी शतके आधी येऊन गेला आहे.

महानुभावांची गोष्ट याहून बोलकी आहे. 'अटन' हा त्यांच्या आचारधर्माचा एक भागच होता. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा 'एकांक' स्वतंत्र आहे, आणि 'स्थानपोथी'त ते कोठे बसले, कोठे निजले, याची नोंद गावोगाव केली आहे. या ग्रंथांचा भूगोल प्रामुख्याने गोदावरीच्या खोऱ्याचा. परंतु वाटेवरच्या एकेका स्थानाविषयी इतकी ममता बाळगणाऱ्या समाजास वाटेचे सुख अपरिचित होते, असे कोणी म्हणेल तर ते पटणे कठीण आहे.

आता शब्दांकडे वळतो, कारण माझ्या मते खरा उलगडा तेथे आहे. हेतूने चालणाऱ्यास मराठीत वाटसरू, यात्रेकरू, वारकरी अशी प्रतिष्ठित नावे आहेत. विनाहेतू चालणाऱ्यास कोणती? उनाड, उंडगा, भटक्या, रिकामटेकडा. (शेवटच्या शब्दाचा टेकडीशी संबंध नसावा, तो 'टेकणे' या धातूकडे जाणारा दिसतो.) निव्वळ सुखासाठी हिंडणे आपल्या समाजास माहीत होते, पण मान्य नव्हते. म्हणून ते सुख देवाच्या, व्यापाराच्या किंवा सोयरिकीच्या कामाच्या पोटात दडून राहिले. 'भटकंती' हा शब्द गेल्या काही दशकांत प्रशंसेचा झाला. गिर्यारोहक मंडळी तो आता अभिमानाने वापरतात. इंग्रजी अमदानीने सुख आणले नाही, परवानगी आणली, असे फार तर म्हणता येईल.

मात्र हे सुख सर्वांस सारखे मिळाले, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखात वारीतल्या चालण्याचा आनंद भरून आहे. आणि एकाच दिंडीतील ब्राह्मण व मराठा बायका जेवावयास वेगवेगळ्या बसतात, हे पाहून झालेली व्यथाही तेथेच आहे. पावले एकत्र पडत होती, पंगती पडत नव्हत्या. या टापूत तर चालण्यास आणखी काही अर्थ चिकटले आहेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत धाराशिव निजामाच्या राज्यात व बार्शी मुंबई इलाख्यात होती. येडशीचा घाट उतरणे म्हणजे सरहद्द ओलांडणे होते, आणि हैदराबादच्या लढ्यातील कित्येकांनी ती रात्री पायी ओलांडली. १९७२ च्या दुष्काळात हीच माणसे दुष्काळी कामावर खडी फोडण्यास कोसन्‌कोस चालत गेली. ढोकीकडील एका वृद्ध बाईंस मी एकदा मोठ्या उत्साहाने विचारले, तुम्ही चालत जात होतात तेव्हा रामलिंगाचा डोंगर कसा दिसे? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "डोंगर कशाला दिसतोय लेकरा, मुकादम हजेरी कधी घेतोय ते दिसायचं." मग थोडे थांबून, "पाऊस झाल्यावर मात्र वास यायचा बघा," असेही म्हणाल्या. माझ्या टिपणवहीत ही दोन्ही वाक्ये एकाखाली एक आहेत, आणि त्यांतील कोणतेही एक खोडून दुसरे ठेवण्यास मी धजत नाही.

बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली, तेव्हा या वाटांचे महत्त्व ओसरू लागले. ती घाटात इतकी संथ चाले की उतरून शेजारून चालावे, असे जुने लोक गमतीने सांगतात. या शतकाच्या पहिल्या दशकात तोही मार्ग रुंद झाला. गाडरस्ते व पांदणी यांची अवस्था आज अशी आहे की पुष्कळ ठिकाणी त्या उसाच्या सरीत गेल्या आहेत, आणि गावच्या नकाशावर असलेली वाट जमिनीवर सापडत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या स्वतः पायाखाली घालून प्राचीन वाटा व मातृदेवतांची ठाणी शोधीत. त्यांचे निष्कर्ष कोणी मानो वा न मानो, ती पद्धत आपल्या विभागांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. तगर ते पैठण ही रेषा आम्ही नकाशावर पट्टीने ओढतो. मी स्वतः बरीच वर्षे तशीच ओढली. गेल्या पावसाळ्याअखेर दोन विद्यार्थ्यांसह ढोकीहून तेरपर्यंत चाललो, तेव्हा पट्टीची रेषा तीनदा मोडली : एकदा ओढ्याने, एकदा काळ्या चिखलाने, आणि एकदा एका मेंढपाळाने. आम्ही निघालो होतो त्या दिशेकडे बोट करून तो म्हणाला, "तो रस्ता हाय. वाट इकडून हाय." त्याच्या वाटेने गेलो. ती थोडी लांबची होती, पण उंचावरून जात होती, आणि तिच्यावर चिखल नव्हता.