सिंहगडावरची काजळी आणि मालदीवचं आकाश

मलकापूरहून आंबा घाटात गेलं की आपला देश संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. पावसाळ्यात वारा समुद्राकडून वर येतो. हिवाळ्यात मात्र तो बराच काळ जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. मग आपल्या चुलींचा, भट्ट्यांचा, गाड्यांचा धूर जातो कुठे?

१९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ मोहिमेने हाच प्रश्न घेतला. व्ही. रामनाथन आणि नोबेलविजेते पॉल क्रुट्झन तिचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. तळ मालदीवला होता. वरून मीटिओसॅट-५ उपग्रह पाहत होता, खाली आपलं ‘सागरकन्या’ जहाज आणि परदेशी विमानं मोजत होती. सुमारे तीन किलोमीटर जाडीचा धुरकट थर दिसला, तोही विषुववृत्ताच्या दक्षिणेपर्यंत पसरलेला.

इथे आपण जरा थांबू. उपग्रहाला कणांवरून परतलेला प्रकाश दिसतो. कण चुलीतला की इंजिनातला, हे त्या चित्रावरून ठरत नाही. २००२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने या थराला ‘एशियन ब्राऊन क्लाउड’ म्हटलं आणि वाद पेटला. बंगळूरचे जे. श्रीनिवासन आणि मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये अहवालाच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. पुढे नावातलं ‘एशियन’ जाऊन ‘ॲटमॉस्फेरिक’ आलं. नाव बदललं, पण धूर कशाचा हे कळायचं राहिलंच होतं.

त्याचं उत्तर शोधायला आपला सिंहगड कामी आला. तिथे आणि मालदीवच्या हनिमाधू बेटावर हवा गाळून काजळी गोळा केली. झाडाझुडपांत थोडा कार्बन-१४ असतो. कोळसा आणि खनिज तेल इतकं जुनं की त्यात तो उरलेलाच नसतो. म्हणजे काजळीतला कार्बन-१४ मोजला की लाकूड किती आणि तेल-कोळसा किती, हे निघतं. स्टॉकहोमच्या ओर्यान गुस्ताफसन यांनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील सहकाऱ्यांसह २००९मध्ये निष्कर्ष छापले: मोजण्याच्या पद्धतीनुसार, साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश वाटा लाकूड, शेणी, काडीकचरा जाळण्याचा.

म्हणून सगळा दोष गाड्यांवर टाकता येत नाही आणि सगळा चुलीवरही नाही. शिवाय चुलीचा धूर समुद्रावर पोचण्याआधी तो फुंकणीपाशी बसलेल्या बाईच्या छातीत जातो. तो मोजायला आपल्याला उपग्रह लागत नाही.