कोल्हापूरचे महाविद्यालयीन जीवन आणि लोकप्रिय संस्कृती : विद्यार्थ्यांच्या दृष्टीतून

प्रस्तावना

मराठी कादंबरी आणि चित्रपट यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्याची एक ठराविक प्रतिमा रूढ केली. देखणा, बोलका, प्रेमात पडलेला आणि पोटापाण्याच्या विवंचनेपासून बहुतांशी मुक्त असा हा नायक होय. ही प्रतिमा घडविण्यात कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. मात्र याच शहरात वसतिगृहांच्या आधारे शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे जीवन तिच्यात क्वचितच उमटले. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

राजाराम कॉलेज आणि लोकप्रिय प्रतिमा

कोल्हापुरात १८८० मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले. इतिहासकार डॉ. बाळकृष्ण हे १९२२ ते १९४० या काळात तेथे प्राचार्य होते. ना. सी. फडके १९२६ पासून सुमारे दोन दशके या कॉलेजात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत होते. 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) या त्यांच्या कादंबऱ्या याच काळातील होत. सुशिक्षित तरुण-तरुणींचे प्रणयरम्य विश्व त्यांनी मराठी वाचकापुढे आणले. माधव ज्युलियन हेही याच कॉलेजात फार्सी शिकवीत असत.

शहरातील चित्रपटव्यवसायही याच सुमारास बहरला होता. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ मध्ये, तर प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये येथे स्थापन झाली. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठी बोलपट येथेच तयार झाला. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी कोल्हापुरातील चित्रपटनिर्मिती थांबली नाही. ज्यांची पुस्तके वाचायची त्यांच्याच वर्गात बसणे आणि ज्या गावात चित्रपट तयार होतात तेथेच ते पाहणे, हा अनुभव येथील विद्यार्थ्यांना लाभला.

वसतिगृहांतील विद्यार्थी

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातून आलेल्या मुलाची राहण्याजेवणाची सोय झाली, तरच त्याचे शिक्षण पुढे सरकत असे. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटील यांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शिक्षण ही साऱ्या कुटुंबाची जोखीम होती. जात, भूक आणि फी हे त्यांचे रोजचे प्रश्न फडके संप्रदायाच्या कादंबरीत गौण राहिले.

विद्यार्थ्यांची साक्ष

हे दुसरे विश्व साहित्यात ठळकपणे आले ते तेथे जगलेल्यांनी लेखणी हाती घेतल्यावर. कागलचे आनंद यादव यांनी 'झोंबी' (१९८७) व 'नांगरणी' (१९९०) या आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांत शिक्षणासाठी घराशी आणि दारिद्र्याशी केलेला झगडा मांडला. चित्रपटात मात्र मैत्री, कट्टा आणि प्रेम यांचाच साचा दीर्घकाळ टिकला. 'सैराट'ने (२०१६) कॉलेजमधील प्रेमकथेच्या केंद्रस्थानी जात आणून या साच्याला धक्का दिला.

तथापि आत्मचरित्रे प्रौढपणी लिहिली जातात. विद्यार्थिदशेतच लिहिलेला मजकूर महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत सापडतो. या अंकांवर प्राध्यापक संपादकांचे संस्कार असतात, हे गृहीत धरूनच ते वाचावे लागतात. तरीही कोणत्या पिढीला कोणता नट, कोणती कादंबरी वा कोणता प्रश्न जवळचा वाटला, याचा समकालीन पुरावा त्यांतून मिळू शकतो.

समारोप

लोकप्रिय संस्कृतीने कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याला नायक केले आणि दुसऱ्याला दीर्घकाळ अदृश्य ठेवले. केवळ कादंबरी व चित्रपटांवरून महाविद्यालयीन जीवनाचा इतिहास लिहिल्यास तीच निवड इतिहासातही कायम होते. म्हणून वार्षिक अंक, स्नेहसंमेलनांचे कार्यक्रम आणि वसतिगृहांची दप्तरे यांचे जतन ही प्रत्येक महाविद्यालयाची जबाबदारी ठरते. जुने अंक रद्दीत गेले, तर ज्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही, त्या विद्यार्थ्यांची उरलेली साक्षही त्यांच्याबरोबर जाईल.