पीक बुडाले तर तोटा कोणाचा? इंदापूरचा शेतसारा आणि करआकारणीची तत्त्वे

१/१६
कर म्हटला की आपण पहिल्यांदा विचारतो, 'किती?' इतिहास वाचताना आणखी चार प्रश्न विचारावे लागतात : कर कशावर? केव्हा? धान्यात की रोखीत? आणि पीक बुडाले तर तोटा कोणाच्या माथी? पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याच्या सुमारे ५० वर्षांच्या इतिहासात या चारही प्रश्नांची उत्तरे सापडतात. त्याविषयी हा धागा.

२/१६
आधी तत्त्वे. १७७६ साली ॲडम स्मिथने चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या. कर ऐपतीच्या प्रमाणात असावा, ही समता. रक्कम, वेळ आणि रीत आधीच ठाऊक असावी, ही निश्चितता. देणाऱ्याला जेव्हा देणे सोपे तेव्हाच तो घ्यावा, ही सोय. आणि वसुलीचा खर्च कमीत कमी असावा, ही काटकसर.

३/१६
आता प्रकार. ज्याच्यावर आकारला त्यालाच सोसावा लागतो तो प्रत्यक्ष कर. ज्याचा बोजा किमतीत मिसळून दुसऱ्यावर ढकलता येतो तो अप्रत्यक्ष. पेशवाईत जमिनीचा सारा आणि कारागीर-व्यापाऱ्यांवरील मोहतर्फा हे पहिल्या प्रकारात मोडतात. नाक्यावर मालावर घेतली जाणारी जकात दुसऱ्या प्रकारात.

४/१६
दराच्या अंगानेही भेद पडतो. उत्पन्न वाढेल तसा दर चढत गेला तर कर आरोही. गरिबाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आणि श्रीमंताचा लहान हिस्सा नेत असेल तर अवरोही. इंग्रजी अमलातील मिठावरचा कर हे अवरोही कराचे ठळक उदाहरण. मीठ मजुराला लागते तितकेच सावकारालाही लागते.

५/१६
राज्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार मात्र जमीन. सभासद बखरीनुसार शिवकाळात पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला, असे प्रमाण होते. वाटा जड वाटेल; पण वाट्याचा एक गुण असा, की पीक घटले तर सरकारचा हिस्साही आपोआप घटतो. जोखीम दोघांत विभागली जाते. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

६/१६
दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने देण्याची पद्धत बोकाळली. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला वसुलीचा मक्ता. मक्ता थोड्या काळाचा, म्हणून इजारदाराला घाई. रयत पुढच्या वर्षी टिकते की नाही याची चिंता त्याने का करावी? स्मिथच्या चारही कसोट्यांवर ही पद्धत नापास होते. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने इजारे बंद केले.

७/१६
मग १८२० च्या दशकाअखेर आर. के. प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे मोजणीचे काम आले. त्याच्यापुढे रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त होता. जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, लागवडीचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरवायचा. कागदावर समतेचे याहून शास्त्रशुद्ध रूप सापडणे कठीण.

८/१६
शेतावर ते टिकले नाही. शेकडो शेतांचे निव्वळ उत्पन्न अचूक मोजणार कोण? मोजणीत चुका झाल्या, हाताखालच्या कारकुनांत लाचलुचपत शिरली. त्यातच धान्याचे भाव उतरले. सारा रोखीत असल्याने भाव पडला की तेवढ्याच रुपयांसाठी अधिक धान्य विकावे लागे. शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. सरकारला सुटीवर सूट द्यावी लागली.

९/१६
१८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. निव्वळ उत्पन्नाचा हट्ट त्यांनी सोडला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीच्या प्रती लावल्या आणि प्रत्येक प्रतीचे मूल्य आण्यांत धरले. उत्तम जमीन १६ आणे, बाकीच्या त्याखाली. प्रश्न 'हे शेत किती पिकते?' असा न राहता 'शेजारच्या शेताच्या मानाने हे कसे?' असा झाला.

१०/१६
तालुक्याने एकूण किती द्यावे हे मागील वसुली, भाव, पाऊसपाणी आणि बाजाराचे अंतर पाहून ठरवले आणि ती रक्कम प्रतीनुसार शेताशेतावर वाटली. दर ३० वर्षांसाठी कायम. मधल्या काळात विहीर खणली तरी सारा वाढणार नाही. नको असलेला नंबर शेतकरी सोडू शकेल. ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम एकत्र आले.

११/१६
परिणाम लवकर दिसला. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. सारा हलका झाला होताच. शिवाय किती द्यायचे हे शेतकऱ्याला ३० वर्षे आधी ठाऊक होते. निश्चिततेचे बळ काय असते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

१२/१६
मात्र याच निश्चिततेला दुसरी बाजू होती. रक्कम निश्चित, पाऊस अनिश्चित. वाट्याच्या पद्धतीत दुष्काळाची झळ सरकारलाही बसे. आता सारा पिकावर नव्हता, जमिनीवर होता. पीक येवो न येवो, हप्त्याची तारीख येणारच. सूट मिळाली तर ती कृपा म्हणून, हक्क म्हणून नव्हे. जोखीम जवळजवळ पूर्ण शेतकऱ्याकडे सरकली.

१३/१६
हप्ता भरण्यासाठी रोख हवी, आणि रोख सावकाराकडे. सारा बेताचा व जमीन हस्तांतरणीय, म्हणून तिला तारण म्हणून मोल आले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे भाग झाले. परिणामी जुने व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची रीत वाढली. न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला की जमीन सावकाराची.

१४/१६
इंदापूरची ३० वर्षे संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. त्याआधीच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इतर भावही चढले होते. त्या तेजीच्या छायेत तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला गेला. भाव पुढे उतरले. वाढलेला सारा जागेवर राहिला. पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठवला. १८७४ साली सरकारने वाढीवर मर्यादाही घातल्या.

१५/१६
१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. मागणी मुख्यतः एकच : रोखे आणि खातेवह्या. त्या हाती येताच जाळल्या गेल्या. दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सावकाराच्या हक्कांना त्याने वेसण घातली. साऱ्याचा हप्ता मात्र रोखीतच आणि तारखेलाच राहिला.

१६/१६
तुलनेसाठी एक नोंद. १८६० साली जेम्स विल्सनने हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला, तेव्हा वर्षाला २०० रुपयांहून कमी उत्पन्न असणाऱ्याला तो माफ होता. उत्पन्न नाही तर कर नाही, हे तत्त्व सरकारला ठाऊक होते; साऱ्याला ते लावले गेले नाही. आपल्या घरी सातबारा असेल तर त्यावरचा जुना सर्व्हे नंबर अवश्य पाहा. त्या आकड्याची परंपरा विंगेटच्या मोजणीपर्यंत जाते. आणि यापुढे कोणत्याही काळातील कराविषयी वाचताना 'दर किती?' याच्या जोडीला हेही विचारा : वाईट वर्षी तो कोण भरत होते, आणि कुठून आणून?