पत्र्याच्या ट्रंकेतला व्हिडिओ

व्हिडिओ आर्ट मोबाईलवर पाहिलं तर चालत नाही का? कला शिकणाऱ्या मित्रांना हा प्रश्न नेहमी पडतो. मी विज्ञानवाला, पण उत्तर मला उल्हासनगरच्या इतिहासात सापडलं.

आमच्या 'कॅम्प ४'मधला कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित इथे राहिले. १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं.

नलिनी मलानींचा जन्म १९४६ चा, कराचीतला. फाळणीत त्यांचंही कुटुंब इकडे आलं. पुढे त्या मुंबईत जे. जे. मध्ये शिकल्या. १९६९ मध्ये अकबर पदमसींच्या कार्यशाळेत त्यांनी फिल्मचे प्रयोग केले.

मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान, दोघांनीही अणुचाचण्या केल्या. त्यावर मलानींनी मंटोच्या 'टोबा टेक सिंग' कथेच्या आधाराने व्हिडिओ मांडणी केली. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांत टीव्हीचे पडदे. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका, एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एकच साडी घडी घालू पाहतात. १९९९ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये ती लोकांनी पाहिली.

आता विचार करा. दोन्ही भिंती एकाच वेळी दिसत नाहीत, मान वळवावी लागते. ट्रंकेत बघायला वाकावं लागतं. तुम्ही उभे असता बरोबर मधे, सरहद्दीवर. मोबाईलवर ही जागाच उरत नाही.

म्हणून सांगतो, असं प्रदर्शन लागलं की विठ्ठलवाडीहून लोकल पकडा. निघण्याआधी घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून बघा.