गोविंदपुरम् येथील अभंग आणि प्रकाशनाची बदलती माध्यमे

यूट्यूबवर मराठी अभंग शोधले, तर तमिळ मातृभाषा असलेल्या भागवतांनी गायिलेले अभंगही तुम्हाला आढळतील. या गायनामागील नामसंकीर्तन परंपरेचे एक महत्त्वाचे केंद्र म्हणजे तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे गोविंदपुरम्. येथे बोधेंद्र सरस्वतींची समाधी आणि अलीकडच्या काळात उभारलेले विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे. या गावाच्या आधारे आपण एक प्रश्न तपासू: काय प्रसिद्ध व्हावे, हे कोण ठरवते?

या प्रदेशात मराठी नवी नाही. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरची सत्ता घेतली आणि १८५५ पर्यंत तेथे भोसले घराणे होते. या काळात मराठी संतांचे अभंग तेथील भजनपद्धतीत रुजले. भजन सुरू करण्यास परवानगी लागत नसे. मात्र ते मंडपातील श्रोत्यांपुरतेच पोहोचे.

पुढे माध्यमे बदलली. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला. काय छापावे, हे दरबार ठरवी. १९३९ मध्ये तिरुचिरापल्लीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. तेथे गायकाची निवड केंद्र करी. कॅसेटच्या काळात विक्रीचा अंदाज निर्णायक ठरला. या तिन्ही माध्यमांत निवड प्रकाशनाच्या आधी होत असे.

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि २०१६ नंतर भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाला. आता गोविंदपुरम् येथील भजन कोणीही भाविक चित्रित करून त्याच दिवशी पंढरपूरपर्यंत पोहोचवू शकतो.

मग निवड संपली का? नाही; ती प्रकाशनानंतर होऊ लागली. कोणती चित्रफीत कोणासमोर आणावी, हे शिफारस करणारी संगणकीय प्रणाली ठरवते. दुसरी प्रणाली ध्वनिमुद्रणांची तुलना करून स्वामित्वहक्काचा दावा नोंदवते. येथे एक भेद लक्षात ठेवा. तुकारामांचे शब्द सर्वांचे आहेत. पण त्यांच्या आजच्या ध्वनिमुद्रणाला भारतीय कायद्यानुसार ६० वर्षांचे संरक्षण मिळते. यंत्राला हा भेद नेहमीच अचूक कळेल असे नाही. त्यामुळे स्वतः गायिलेल्या पारंपरिक अभंगावरही चुकीचा दावा येऊ शकतो.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद आजही अभ्यासता येतात. याउलट, खाते बंद झाले की त्यावरील सर्व चित्रफिती एका क्षणात नाहीशा होऊ शकतात. प्रसिद्ध होणे सोपे झाले, म्हणून जतन होणे सोपे झाले असे नव्हे. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य मोजताना बोलण्याची संधी, श्रोत्यापर्यंतची वाट आणि नोंद टिकण्याची हमी या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

स्वाध्याय: तुमच्या भागातील एका लोकपरंपरेची चित्रफीत निवडा. गायक, स्थळ, दिनांक आणि पाठ यांपैकी कोणती माहिती तिच्यासोबत दिली आहे आणि कोणती हरवली आहे, ते नोंदवा.