विद्यापीठाआधीची पायरी

जुन्या शिक्षणक्रमात अकरावीला एस.एस.सी. होई, पदवीपूर्व तयारीची प्रथम वर्ष व इंटर ही वर्षे महाविद्यालयातच काढावी लागत. महाविद्यालये दूर असल्याने नवापूरसारख्या किनाऱ्यावरील गावांतील विद्यार्थ्यांपुढे बुद्धीइतकाच निवासाचा प्रश्न असे. मुंबईत १९१४ साली आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने समाजातील विद्यार्थ्यांची ही अडचण जाणून वसतिगृहाची सोय केली. पुढे १९६८ मध्ये पालघरला सोनोपंत दांडेकर महाविद्यालय सुरू झाले. १९७५ पासून दहावीनंतर अकरावी-बारावी आली आणि तयारीचा टप्पा कनिष्ठ महाविद्यालयात स्थिरावला. बोईसरहून उमरोळीपुढचेच स्थानक पालघर; मुलींना परगावी ठेवण्यास न धजणाऱ्या घरांना हे सान्निध्य विशेष मोलाचे ठरले.